साधं दुखणं, आडवाटेचं कारण

ताप, खोकला, पोटदुखी, थकवा, अंगदुखी, चक्कर. दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसलेल्यांना काय होतंय म्हणून विचारलं, तर बहुतेकांची उत्तरं या सहा शब्दांत संपतात. त्यांतल्या बहुतेकांचं कारणही साधंच असतं आणि चार-आठ दिवसांत, औषधाने किंवा औषधाशिवाय, ते मार्गी लागतं. प्रश्न उरतो तो थोड्यांचा. कुणाचं पोट महिन्या-दोन महिन्यांनी असह्य दुखतं आणि सोनोग्राफी दर वेळी 'नॉर्मल' येते. कुणाचा खोकला तीन बाटल्या संपल्या तरी हटत नाही. कुणाला 'टेन्शन घेऊ नका' असं सांगून चार डॉक्टरांनी घरी पाठवलेलं असतं. अशांच्या दुखण्याचं कारण आडवाटेला असतं. ते कुठे असू शकतं, का निसटतं आणि कशाने हाती लागतं, याचा हा आढावा.

आडवाटेचं कारण म्हणजे जगावेगळाच आजार, असा एक समज असतो. तो आधी बाजूला ठेवायला हवा. वैद्यकीय महाविद्यालयांत वॉर्डातून फिरताना शिक्षक एक गोष्ट हमखास सांगतात: दुर्मिळ आजार नेहमीच्या रूपात भेटण्यापेक्षा नेहमीचा आजार अनोळखी रूपात भेटण्याची शक्यता जास्त. त्यात आपल्या बाजूने आणखी एक भर घालता येईल. दुर्मिळ काय, हे गाव, हंगाम आणि धंदा यांवर ठरतं. जो ताप मुंबईच्या डॉक्टरने उभ्या आयुष्यात पाहिलेला नसतो, तो दोडामार्गच्या डॉक्टरच्या ओपीडीत दर उन्हाळ्यात येतो. म्हणूनच अशी कारणं बहुतेक वेळा महागड्या यंत्रापेक्षा चार साध्या प्रश्नांनी सापडतात: दुखणं कधी सुरू झालं, कुठे होतात, काय काम करता आणि काय-काय घेता?

ताप: गाव आणि हंगाम विचारा

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि आसपासच्या माणसांना जबरदस्त ताप येऊ लागला. गोचिडीतून पसरणारा एक विषाणू त्यामागे होता. लोकांनी त्याला माकडताप म्हटलं. पुढे हा आजार सह्याद्रीच्या कडेने वर सरकला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडी भागात त्याचे रुग्ण आढळले. त्याचा हंगाम साधारण जानेवारी ते मे, म्हणजे नेमका काजूचा. बिया वेचायला बागेत, जंगलाच्या कडेला जाणारी माणसं त्याला बळी पडतात. अचानक ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं ही लक्षणं पाहिली तर फ्लू, डेंगी, मलेरिया यांपैकी काहीही वाटू शकतं. 'काजूला गेला होतात का? आसपास माकड मेलेलं दिसलं का?' या दोन प्रश्नांनी संशयाची दिशा बदलते आणि मग रक्ताचा नमुना योग्य त्या तपासणीला जातो.

विदर्भात अशीच गत स्क्रब टायफसची. गवतात, झुडपांत राहणाऱ्या अगदी बारीक कीटकांच्या अळ्या चावल्याने हा ताप येतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास त्याची साथ आली, मृत्यूही झाले. याची खूण बऱ्याचदा अंगावरच असते, पण ती शोधावी लागते. अळी चावली त्या जागी सिगारेटचा चटका बसावा तसा काळ्या खपलीचा डाग उठतो. तो दुखत नाही, खाजतही नाही. शिवाय तो असतो काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीजवळ, म्हणजे रुग्ण स्वतः पाहत नाही आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर कपडे बाजूला करून बघत नाही अशा जागी. तो दिसला तर निदान जवळपास झालंच. डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध दिलं की बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरू लागतो. तो दिसला नाही, तर रुग्णाला टायफॉइडच्या नावाखाली एकामागून एक भारी इंजेक्शनं मिळतात. स्क्रब टायफसच्या जंतूवर त्यांचा उपयोग होत नाही आणि दुसऱ्या आठवड्यात फुफ्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांच्यावर परिणाम सुरू होतो.

टायफॉइडचं नाव इतकं सहज चिकटतं त्याला विडाल टेस्ट बऱ्याच अंशी जबाबदार आहे. आपल्याकडे पूर्वी कधीतरी झालेल्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच तापामुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. एकट्या विडालवर टायफॉइडचं निदान करू नये, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली आहेत. तरी 'विडाल पॉझिटिव्ह' हा शेरा घेऊन हिंडणारे कागद गावोगावी दिसतात. साध्या नावाखाली खरं कारण दडून राहण्याचं याहून ठळक उदाहरण नाही.

पोटदुखी: पोटात नसलेली कारणं

पावसाळ्याचे दिवस. जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटात कळा येतात म्हणून उठतं. उलटी होते, घसा दुखतो. रात्रीचं काही बाधलं असेल म्हणून घरचे ओवा देतात, फार तर जवळच्या डॉक्टरकडून पित्ताचं इंजेक्शन घेतात. अंगावर जखम नाही, सूज नाही, साप कुणी पाहिलेला नाही. तासा-दोन तासांत पापण्या जड होतात. झोप झाली नाही म्हणून पेंगतोय असं वाटतं. प्रत्यक्षात पापण्या उचलण्याची ताकदच गेलेली असते. मग गिळता येत नाही, आवाज बदलतो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

हा मण्यारचा दंश. मण्यार रात्री हिंडते, उंदीर-पालींच्या मागे घरात शिरते आणि झोपलेल्याला चावते. तिचे दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही आणि दंश बहुधा दुखतही नाही. पहाटे अचानक सुरू झालेली पोटदुखी, जमिनीवर झोपलेला रुग्ण आणि जड होत चाललेल्या पापण्या, या तीन गोष्टी एकत्र आल्या की सर्पदंश समजूनच हालचाल करायची, साप दिसण्याची वाट पाहायची नाही. रुग्णाला वर बघायला सांगून बोटाकडे नजर धरायला लावणं ही यासाठीची तपासणी. ती अर्ध्या मिनिटाची आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. प्रतिसर्पविष आणि वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो.

अशा निरीक्षणाचं मोल महाराष्ट्राने महाडमध्ये पाहिलं आहे. डॉ. हिंमतराव बावसकर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण खाटेशी बसून तासन् तास पाहिले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि मग फुफ्फुसात भरणारं पाणी या क्रमातून हृदय कसं कोलमडतं हे त्यांनी मांडलं. रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आणलं. १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने त्यांचं काम छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यामागे मोठी प्रयोगशाळा नव्हती, रुग्णाजवळ घालवलेला वेळ होता.

पोटदुखीची इतर आडवाटेची कारणंही बहुतेक पोटाबाहेरचीच. मधुमेही माणसाला किंवा बाईला 'गॅस झालाय' असं वाटतं, तेव्हा तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. म्हणून पन्नाशीच्या पुढच्या माणसाच्या वरच्या पोटातल्या दुखण्याला ईसीजी लागतोच. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या आदिवासी भागांत आणि विदर्भातल्या काही समाजांत लहान मुलाच्या वारंवार पोटदुखी-हाडदुखीमागे सिकलसेल असतो. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. दुखणं अपेंडिक्सचं वाटतं आणि पोट उघडलं जातं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. पहिली चाचणी साध्या आरोग्य केंद्रातही होते.

पॉर्फिरिया हा खरोखरच दुर्मिळ गटातला. त्यात हिमोग्लोबिनमधला 'हीम' हा घटक बनवण्याच्या साखळीतलं एक विकर कमी पडतं. तरुण वयात, विशेषतः बायकांना, पोटात भयंकर कळा येतात. पण पोट हाताला मऊ लागतं आणि सोनोग्राफीत काही दिसत नाही. काही औषधं, उपास, पाळी यांमुळे झटका येतो. लघवी उजेडात ठेवली की गडद होत जाते, ही त्याची जुनी खूण. अशा रुग्णांच्या पोटावर विनाकारण झालेल्या शस्त्रक्रियांचे वण असतात आणि कागदावर मानसिक आजाराचा शेरा. झटका चालू असताना लघवीत पॉर्फोबिलिनोजेन तपासलं की बहुतेक वेळा निदान होतं.

याउलट एंडोमेट्रिओसिस मुळीच दुर्मिळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. तरीही निदानाला कित्येक वर्षं लागतात, कारण 'पाळीत दुखायचंच' हे वाक्य घरातही ऐकू येतं आणि दवाखान्यातही. दर महिन्याला शाळा, कॉलेज, नोकरी बुडवायला लावणारी पाळी साधी नसते.

खोकला: छातीच्या बाहेरही पाहा

दोन आठवड्यांहून लांबलेल्या खोकल्यात आपल्याकडे टीबीची तपासणी आधी, याबद्दल दुमत नाही. ती निर्मळ आली की पुढचे रस्ते पाहायचे. त्यातला सगळ्यात सोपा रस्ता औषधांच्या पिशवीतून जातो. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीची गोळी घेणाऱ्यांपैकी काहींना कोरडा, घशात खवखवणारा खोकला लागतो. गोळी सुरू झाल्यावर आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही तो सुरू होतो, म्हणून दोन्हींची सांगड कुणी घालत नाही. डॉक्टरने गोळी बदलली की बहुधा चार आठवड्यांत तो थांबतो.

दुसरा रस्ता विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या भागातला. १९४० मध्ये आंध्रातल्या मदनपल्लीच्या क्षयरोग रुग्णालयातल्या फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन या डॉक्टरांनी टीबीसारखे दिसणारे, पण टीबी नसलेले रुग्ण नोंदवले. त्यांच्या रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या होत्या. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' असं नाव दिलं. पुढे कळलं की हा हत्तीरोगाच्या जंतांना फुफ्फुसाने दिलेला अतिरेकी प्रतिसाद आहे. रात्री उसळणारा खोकला, धाप, छातीत शिटी वाजणं यांमुळे रुग्ण वर्षानुवर्षं दम्याचे पंप ओढत राहतो. साध्या सीबीसी रिपोर्टात इओसिनोफिलचा आकडा ठळक दिसतो, पण अहवालाच्या त्या ओळीकडे नजर जायला हवी. हत्तीरोगाचं जुनंच औषध, डीईसी, तीन आठवडे दिलं की बहुतेकांना उतार पडतो.

लहान मुलांच्या बाबतीत विचारायचा प्रश्न वेगळा: खोकला सुरू होण्याआधी काही खाताना ठसका लागला होता का? श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. मूल मात्र आठवड्यांमागून आठवडे 'एकाच बाजूच्या न्यूमोनिया'ची औषधं घेत राहतं.

थकवा: सगळ्यांत अवघड तक्रार

थकव्याला तोंड नाही. झोप, काम, काळजी, अशक्तपणा, थायरॉइड, मधुमेह हे सगळे त्याचे नेहमीचे धनी. त्यांच्यापलीकडची दोन-तीन कारणं लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रीनल ग्रंथी निकामी झाल्या तर काय होतं ते लिहून ठेवलं. कमालीचा थकवा, घटतं वजन, उभं राहिलं की चक्कर आणि काळवंडणारी कातडी. त्यांच्या अनेक रुग्णांमध्ये टीबीने खाल्लेल्या ग्रंथी होत्या. आपल्याकडे आजही टीबी हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण आहे. यात दोन खुणा डॉक्टरच्या उपयोगी पडतात. तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळ्या पडणं ही एक, मिठाची हाव ही दुसरी. वरणात दोनदा मीठ घालून घेणारा, लोणच्याचा खार पिणारा थकलेला माणूस दिसला, तर सकाळचं कॉर्टिसोल तपासायला हवं.

ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ ची कमतरता महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ती किती पसरलेली आहे हे वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून दाखवलं. शाकाहार हे कारण सगळ्यांना ठाऊक असतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्ताच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्यानेही ती होते, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. थकवा, पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसरभोळेपणा यांना 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जातं. त्यावर नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर हिमोग्लोबिन वाढतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं.

पन्नाशीपुढच्या पुरुषाला लोहाची कमतरता असेल, तर गोळ्या देण्याआधी रक्त कुठे जातंय हा प्रश्न विचारायलाच हवा. आतड्याच्या कर्करोगाची ती पहिली आणि एकमेव खूण असू शकते.

पाठ, सांधे आणि मुंग्या

पाठदुखी बहुतेकांची स्नायूंची असते आणि जाते. रात्री जागं करणारी, तापासोबतची, वजन घटवणारी पाठदुखी वेगळी. मणक्याचा टीबी पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णन केला. तो आजही आपल्याकडे 'स्लिप डिस्क' म्हणून मसाज आणि ट्रॅक्शनमध्ये महिने काढतो. तरुण माणसाची पाठ सकाळी ताठते आणि हालचालीने मोकळी होते, विश्रांतीने मात्र वाढते, अशा वेळी अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा विचार करायचा.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत कारण पाण्यात असतं. बोअरवेलच्या पाण्यातलं फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या पुढे गेलं आणि तेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि मोठ्यांची हाडं जड, सांधे ताठ होतात. १९३७ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातून याची नोंद झाली होती. एका माणसाची पाठ तपासून संधिवात वाटेल, पण त्याच घरातल्या पोराचे दात पाहिले तर गाव कळतं.

मुंग्या आणि बधिरपणात कुष्ठरोगाचं नाव घ्यायला अजूनही लोक कचरतात. राष्ट्रीय पातळीवर 'निर्मूलन' झाल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं. त्याचा अर्थ दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण एवढाच होता. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतात आढळतात. चुलीवर हात भाजला तरी कळलं नाही, करंगळी आपोआप वाकली, फिकट चट्ट्यावर कापूस फिरवला तर जाणवत नाही, कोपराजवळची नस जाड लागते, या खुणा पाहायला कापसाचा बोळा आणि दोन बोटं पुरतात. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

डोकं, चक्कर आणि मन

बंद बाथरूममध्ये लावलेला गॅस गीझर हे शहरी घरांतलं एक छुपं कारण. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त जोराने तो हिमोग्लोबिनला धरून बसतो. आंघोळीला गेलेला माणूस चक्कर येऊन पडतो, आचके देतो आणि बाहेर काढल्यावर शुद्धीवर येतो. ईईजी, एमआरआय होतात, फिटच्या गोळ्या सुरू होतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो, कारण त्याला ऑक्सिजन धरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन सारखंच दिसतं. 'नेमके कुठे पडलात? गीझर कसला?' हे विचारलं की उलगडा होतो.

फिट येणाऱ्या प्रौढाच्या मेंदूत डुकरातल्या फीतकृमीची अळी सापडणं ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही. रुग्ण कट्टर शाकाहारी असला तर घरचे ते मानायला तयार नसतात. पण अळी होते ती फीतकृमीची अंडी पोटात गेल्याने आणि अंडी येतात नीट न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून. डुक्कर खाण्याची गरज नाही.

तरुण मुलीचा रक्तदाब वाढलेला असेल तर दोन्ही हातांत मोजावा. दोन आकड्यांत मोठा फरक पडला किंवा एका हाताची नाडी लागली नाही, तर ताकायासू आजाराचा संशय घ्यायचा. मिकितो ताकायासू या जपानी डॉक्टरांनी १९०८ मध्ये त्याची नोंद केली आणि आशियातल्या तरुण स्त्रियांत तो जास्त आढळतो. उपाशीपोटी सकाळी बरळणारा आणि चहा-साखरेने ताळ्यावर येणारा माणूस कधी मनोरुग्ण ठरतो. खरं कारण स्वादुपिंडातली इन्सुलिन ओतणारी छोटी गाठ असू शकते. तो बरळत असतानाच साखर तपासली, तर सुगावा लागतो.

मनाच्या आजाराआड दडलेल्या शरीराच्या आजाराचं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कमधलं. सुझाना कॅहलन ही २४ वर्षांची पत्रकार २००९ मध्ये अचानक भास, संशय, आचके यांनी ग्रासली. तपासण्या निर्मळ येत होत्या. डॉ. सुहेल नज्जर यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तिने बाराही आकडे वर्तुळाच्या उजव्या अर्ध्यात कोंबले. मेंदूच्या एका बाजूला सूज आहे हे त्या चित्राने सांगितलं. तिची स्वतःची प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटली होती. जोसेप दालमाऊ यांच्या गटाने या आजाराचं मूळ २००७ मध्येच उलगडलं होतं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या उपचारांनी ती बरी झाली.

घरातल्या बरण्या आणि पुड्या

सगळ्या लक्षणांना लागू पडणारा एक प्रश्न डॉक्टर अनेकदा विचारत नाहीत आणि रुग्ण आपणहून सांगत नाही: औषधाशिवाय काय घेता? घशासाठी, आवाजासाठी रोज जेष्ठमध चघळणाऱ्याचा रक्तदाब चढू शकतो आणि पोटॅशियम उतरून पाय लुळे पडू शकतात. सांधेदुखीच्या जादुई पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असेल तर चेहरा गोल होतो, साखर वाढते आणि पुडी अचानक बंद केली की माणूस कोसळतो. 'ताकदीची' म्हणून ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं वरचेवर टोचून घेतली तर कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाचा बिघाड होतो. अप्रमाणित भस्मांतून शिसं पोटात गेलं की पोटात कळा, बद्धकोष्ठ आणि रक्तक्षय असं त्रिकूट तयार होतं. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने भारतातून आलेली अशी औषधं घेणाऱ्या सहा गर्भवतींच्या रक्तातल्या शिशाची नोंद केली. परदेशी राहणाऱ्या मुलीला डबे पाठवणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं.

मग चुकतं कुठे?

१९७५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा अभ्यास आला. ८० नव्या रुग्णांपैकी ६६ जणांचं निदान त्यांची हकीकत ऐकूनच ठरलं. तपासून आणखी सात, प्रयोगशाळेमुळे सात. त्यानंतर यंत्रं कितीतरी पटींनी वाढली, हकीकतीला मिळणारा वेळ मात्र आकसला. १९८४ च्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ व्या सेकंदाला रुग्णाला तोडतात असं दिसलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात प्राथमिक तपासणीला स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं मिळत होती, बांगलादेशात ४८ सेकंद. भारत पाच मिनिटांहून कमी वेळ देणाऱ्या देशांत होता. एवढ्या वेळात काजूची बाग, गॅस गीझर आणि जेष्ठमध यांतलं काहीच विचारून होत नाही.

दुसरी चूक पहिल्या नावाला चिकटून राहण्याची. एका कागदावर 'अ‍ॅसिडिटी' लिहिलं की पुढचे चार डॉक्टर तेच वाचतात. अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमीजनी २०१५ च्या अहवालात म्हटलं की बहुतेक माणसांना आयुष्यात एकदा तरी चुकीच्या किंवा उशिरा झालेल्या निदानाला तोंड द्यावं लागतं.

तिसरी चूक उलट टोकाची. इंटरनेट वाचून प्रत्येक डोकेदुखीत गाठ शोधणं, आकर्षक पॅकेजमधल्या साठ-सत्तर तपासण्या एकदम करून घेणं. दहा हजारांत एकाला होणाऱ्या आजारासाठी ९९ टक्के अचूक चाचणी एक लाख लोकांवर केली, तर दहा खरे रुग्ण सापडतील आणि सुमारे हजार निरोगी माणसं पॉझिटिव्ह म्हणून घाबरतील. म्हणूनच आधी संशय, मग चाचणी. हा क्रम उलटला की आडवाटेचं कारण सापडायच्या ऐवजी नवे गोंधळ सापडतात.

सगळे साधे रस्ते संपल्यावरही कोडं उरलेल्या थोड्या रुग्णांसाठी व्यवस्था उभी राहते आहे. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८ मध्ये निदान न झालेल्या आजारांचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. भारतात २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. त्याखालच्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे आणि पात्र रुग्णांना ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

पण बहुतेकांना तिथवर जावं लागू नये. त्यासाठी रुग्णाच्या हातात जे आहे ते एवढं: दुखणं कधी सुरू झालं, दिवसाच्या कुठल्या वेळी वाढतं, त्याआधी कुठे गेला होतात, काय काम करता, घरात आणखी कुणाला तसंच होतंय का, हे अर्ध्या पानावर लिहून न्या. गोळ्या, चूर्ण, काढे, पुड्या, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरसमोर ठेवा. आठवडाभर न उतरलेला ताप, घटतं वजन, रात्री जागं करणारं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार आणि ठरल्या वेळात गुण न देणारं औषध, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टर बदलण्याआधी त्याच डॉक्टरला दोन प्रश्न विचारा: हे दुसरं काय असू शकतं, आणि कधीपर्यंत बरं वाटलं नाही तर परत येऊ? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि जो रागावतो, त्याच्याकडे पुन्हा जायचं कारण नाही.